मष्णूच्या डबीतल्या गोळ्या

१

मष्णू चौगुले शुक्रवारी सकाळी मेला आणि दुपारच्या आत त्याच्या बायकोला कंग्राळीच्या चावडीत आणून बसवलं गेलं.

१९४४ सालचा भाद्रपद सरत आला होता. सांबऱ्याला विमानतळाचं काम जोरात चाललं होतं आणि गावातली निम्मी माणसं तिकडं माती-दगड वाहायला जात होती. मष्णूची बायको गुणाबाई त्यांतलीच. नवरा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून दोन्ही डोळे गमावून आला होता. घरात मिळवणारं दुसरं कोण?

डॉक्टर भुजबली उपाध्ये सायकलवरून मष्णूच्या घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. डॉक्टर मूळचे निपाणीचे, तंबाखूवाल्या जैन घराण्यातले. गेली चार वर्षं ते कंग्राळीपासून दीड कोसावरच्या एका लहानशा दवाखान्यात होते. चुलते दुकानावर बसले असताना हा मुलगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो, याची घरी थोडी थट्टाच होई.

"विषाचा प्रकार आहे," फौजदार मारुतीरावांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. "परसात धोतऱ्याचं झाड आहे, बोंडं तोडलेली दिसतात. बाई तरणी, नवरा आंधळा. तुम्ही फक्त लिहून द्या."

"आधी बघतो, मग लिहितो," डॉक्टर म्हणाले.

मष्णूचा थोरला भाऊ भावकू खांबाला टेकून बसला होता. त्याला विचारल्यावर तो खाली मान घालूनच बोलला.

"परवापासनं अंग तापल्यालं. काल सांजच्याला तिनं पेज पाजली, आन त्येच्यानंतरच बडबडाय लागला बगा. म्हनायचा, दारात मानसं हुबी हायत, त्यास्नी आत घ्या. आंधळा मानूस, डॉक्टरसायेब. त्येला कुठली मानसं दिसायला? मंग झटकं आलं. पाटचं गेला."

"मला का बोलावलं नाही?"

भावकूनं आतल्या खोलीकडं बोट केलं.

डॉक्टर आत गेले. धोतरा पोटात गेला असला तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात; ती खूण पहिल्यांदा बघायची. पण मष्णूच्या डोळ्यांच्या जागी नुसते वण होते. त्यांनी बाकीचं अंग नीट तपासलं. गव्हाळ कातडी, हाडं वर आलेली. उजव्या अंगठ्याच्या टोकाला सुरुंगाच्या तुकड्यानं पडलेली तिरपी खोल खाच. आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी, दगडासारखी फुगलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा. त्यांनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि दोन काचपट्ट्यांवर रक्त घेतलं.

बाहेर पडताना दारात सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती. भावकूची शेवंता. तिचे तळहात आणि गाल हळद फासल्यासारखे पिवळे दिसत होते. डॉक्टर थबकले, तेवढ्यात तिची आई नागुबाई आली आणि तिला दंडाला धरून आत घेऊन गेली.

२

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घातली. तांबड्या पेशींच्या गर्दीत बारीक अंगठ्या दिसत होत्या, शेकड्यानं. अधूनमधून विळ्यासारखी वाकडी जंतूंची शरीरं. मेंदूवर चढणारा हिवताप. बडबड, भास, झटके, सगळ्याचा उलगडा त्या काचेवर होता.

मारुतीराव संध्याकाळी आले. डॉक्टरांनी त्यांना बसवून काच दाखवली.

"म्हणजे विष नाही?"

"नाही. हा ताप त्यानं ब्रह्मदेशातून रक्तात आणला. आपल्या गावात असला ताप नाही."

"मग सुटलो. बाईला सोडून देतो."

मारुतीराव उठले. डॉक्टर मात्र काचेवरून हात काढत नव्हते.

"एक गोष्ट बसत नाही, मारुतीराव. तिकडून येणाऱ्या शिपायाला पलटणीकडून गोळ्या मिळतात. मेपाक्रीन. रोज एक, तीन महिने. त्या चालू असताना ताप असा उसळून माणूस मारत नाही. मष्णूला येऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत."

"घेतल्या नसतील."

"तेच विचारायचं आहे."

गुणाबाई चावडीच्या भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. वय बावीस-तेवीस, हातांना दगडांनी पडलेले घट्टे. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तसं तिनं मान वर केली.

"रोज घ्यायचे. कामावनं आल्यावर मीच डबीतली गोळी काढून हातावर ठेवायची."

"एकदाही चुकली नाही?"

"एकदा बी न्हाय. पलटणीतनं शंभर दिलत्या. एक्क्याऐंशी झाल्या. एकुणीस हायत डबीत. मोजा तुम्ही."

मारुतीरावांनी डबी मागवली. पत्र्याची चपटी डबी, वर इंग्रजी अक्षरं. आत पिवळ्या गोळ्या. मोजल्या तर बरोबर एकोणीस भरल्या.

म्हणजे मष्णूनं औषध रोज घेतलं होतं, आणि तरीही ते औषध ज्या तापासाठी होतं त्यानंच तो मेला होता.

३

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांबऱ्याला रवळूला भेटायला गेले. रवळू आणि मष्णू एका तुकडीत होते, एकाच सुरुंगानं जखमी झाले आणि एकाच गाडीनं बेळगाव स्टेशनात उतरले. रवळूच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. तो दारात बाजेवर बसून दोरी वळत होता. बातमी त्याला कळली होती.

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. रवळूचं तोंड, मान, हात, सगळं पिवळंजर्द होतं. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवरदेवासारखं.

"कावीळ झाली का तुला?"

"न्हाय वो," रवळू म्हणाला. "त्या गोळ्यांचा रंग ह्यो. आमची अख्खी पलटण अशीच पिवळी. गाडीतनं उतरलो तवा स्टेशनावरची मानसं आमच्याकडं बगून हसलती. मष्णूला मी म्हटलं, बरं हाय, तुला दिसत न्हाय."

"मष्णूसुद्धा असाच होता?"

"माझ्यापरीस जास्ती."

डॉक्टरांनी वही काढली. काल स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ समोर होती: कातडी गव्हाळ, सर्वसाधारण.

"रवळू, गोळी बंद केली तर हा रंग किती दिवसांत जातो?"

"आमच्यातल्या एकानं बंद केलती. म्हैना-दीड म्हैन्यात धुतल्यागत झाला. मंग तापानं पडला." दोरी वळणारे त्याचे हात थांबले. "का वो?"

डॉक्टरांनी वही मिटून विचारलं, "तो बोलायचा काय तुझ्याशी? शेवटचा कधी भेटलास?"

"गणपतीत गेलतो. ओसरीवर बसलावता. मला म्हनाला, रवळू, फौजेतल्या लेक्चरात सांगितल्यालं आठवतंय काय रं तुला? एकाचा ताप डास दुसऱ्याला नेतो म्हनून? म्हटलं, आठवतंय. तर गप बसला. लई वेळ गप बसला."

४

सोमवारी चावडीत मारुतीराव टेबलाशी तंबाखू मळत बसले होते. डॉक्टरांनी डबी उघडून एक गोळी कागदावर ठेवली आणि भिंगातून पाहिली. गोळी चपटी होती, पण कडा एकसारखी नव्हती. मधोमध तिरपी, बारीक, वर आलेली रेघ होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांवर तीच रेघ.

"मारुतीराव, जरा चुना द्या."

"तुम्ही कधीपासून खायला लागलात?"

डॉक्टरांनी नखाएवढा चुना घेतला, गोळीचा चुरा केला, थेंबभर पाणी घालून बोटानं कालवलं. पिवळा रंग बघता बघता लालभडक झाला.

मारुतीरावांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. असा रंग कशाचा होतो, ते सांगायची गरज नव्हती.

"हळद," ते म्हणाले.

"जोंधळ्याचं पीठ आणि हळद. एकोणीसच्या एकोणीस. पलटणीच्या गोळ्या कोणीतरी काढून घेतल्या आणि त्या जागी या भरल्या. मोजदाद चुकू नये म्हणून जितक्या काढल्या तितक्या."

"कोणीतरी कशाला? डबी बायकोच्या ताब्यात. रोज तीच हातावर ठेवायची, असं तिनंच सांगितलं." मारुतीरावांनी हात झटकले. "धोतरा नसेल घातला, पण औषध काढून घेऊन मारणं म्हणजे मारणंच. या गोळ्यांना सध्या बाजारात काय मागणी आहे, तुम्हाला माहीत आहे. आजच तिला बेळगावला पाठवतो."

"दोन दिवस थांबा."

"डॉक्टर, तुम्हीच तर सिद्ध केलंत."

दुपारी गुणाबाईला घरून पुन्हा आणून बैलगाडीत बसवलं. भावकू पिंपळाखाली उभा राहून बघत होता. जावेला निरोप द्यायला म्हणून नागुबाई आली नाही. गुणाबाईनं गाडीतून वळून फक्त एवढंच विचारलं, "दहाव्याला सोडतील न्हवं?" गाडीवानानं बैल हाकले.

५

डॉक्टर तिथून सरळ चौगुल्यांच्या घरी गेले. जाताना एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. मेलेल्या माणसाच्या अंगावरून पिवळा रंग उतरला होता, आणि त्याच घरात एका मुलीच्या अंगावर तो चढला होता.

नागुबाई भाकरी थापत होती. शेवंता चुलीपाशी बसली होती. डॉक्टरांनी मुलीचा हात हातात घेऊन उजेडात धरला. ओल्या बोटानं घासला. रंग वरचा नव्हता.

"हळद लावलीया," नागुबाई म्हणाली.

"हळद पुसली जाते, बाई. हिला किती गोळ्या दिल्यास?"

नागुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती उलटायची वेळ झाली, निघून गेली, करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

"गुणाबाईला आज बेळगावला नेली," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो, तू फक्त चुकलं तर चुकलं म्हण. त्या खोट्या गोळ्या बोटानं दाबून चपट्या केल्या आहेत. उजेड कमी असताना डोळ्यांना त्या खऱ्या वाटतील. दिवसभर राबून आलेली गुणाबाई फसली. पण मष्णू कसा फसला? आंधळ्या माणसाची सगळी अक्कल बोटांत येते. आल्यापासून महिनाभर खरी गोळी रोज त्याच्या हातात पडत होती. यंत्रातून काढलेली गुळगुळीत गोळी आणि पिठाची गोळी त्याला पहिल्याच दिवशी कळली असणार. शिवाय खरी गोळी कडू जहर असते. हळदीची नाही. तरी तो दीड महिना गुमान गिळत राहिला. का?"

नागुबाईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"कारण त्याला ठाऊक होतं. फसवायचं होतं ते गुणाबाईला, त्याला नाही. आणि प्रत्येक गोळीवर एक तिरपी रेघ आहे. मष्णूच्या उजव्या अंगठ्याला तिरपी खाच होती. मी ती तपासणीत लिहून घेतलीय. त्या खाचेत पीठ भरलं की गोळीवर रेघ उठते. त्या गोळ्या मष्णूनं स्वतः केल्या, बाई."

नागुबाईनं तवा खाली उतरवला. पदरानं तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत बोलू लागली.

"मी पीठ मळून द्यायची. त्ये दाबायचे. परड्यात सुपात वाळवायचो, गुणा कामाला गेल्यावर. शेवंताला ताप भरलता. थंडी वाजायची, गोधड्या घातल्या तरी दात वाजायचं. एक दिस सोडून एक दिस. भावजी नुसतं तिच्या अंगाला हात लावून बसायचे. म्हनले, वैनी, ह्यो माझाच ताप हाय. मीच आणलाय तिकडनं. डासानं माझ्यातनं तिच्यात नेलाय."

"मग गोळ्या दिल्या."

"हिला दिल्या. मंग शेजारच्या भरमूची दोन पोरं पडली, त्यास्नी बी. किती द्यायच्या आमाला काय ठावं? ताप परत यायचा, परत द्यायचो. संपल्या. मला म्हनले, मी फौजेत काढलाय ताप, मला काय हुत न्हाय. गुणाला सांगू नगंस. सरकारी गोळी दुसऱ्याला दिली तर शिक्षा असतीया."

"आणि तो मेल्यावर? गुणाबाईला धरली तेव्हा तू का बोलली नाहीस?"

"दीर मेला त्यो माझ्या पोरीपायी. मलाच धरतील असं वाटलं. आमच्या मालकास्नी बी न्हाय सांगितलं."

डॉक्टरांनी शेवंताचा हात सोडला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना घरात आल्यापासून टोचत होता.

"अगं, पण दवाखाना दीड कोसावर आहे. पोरीला घेऊन माझ्याकडे का नाही आलीस?"

नागुबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आल्ते की. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. पाऊस हुता. हिला पाठीला बांधून आल्ते. तुम्ही म्हनलासा, तापाचं कोयनेल हाय ते विमानतळाच्या कामगारांसाठी, वरनं हुकूम हाय. काढा करून पाज म्हनलासा."

डॉक्टरांना तो दिवस आठवला नाही. तसे दिवस बरेच होते, तशा बायकाही. त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आणि रक्ताचा थेंबही तपासला नव्हता, कारण या गावात असला ताप नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

६

डॉक्टरांनी अहवाल लिहिला तो चार पानांचा झाला. मारुतीरावांनी तो उभ्यानं वाचला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"हे नागपंचमीचं लिहायलाच पाहिजे का? बाईच्या सुटकेला त्याची गरज नाही."

"राहू द्या."

"नोकरीवर येईल."

"येऊ दे. ते वाचल्याशिवाय वरचे लोक कोयनेल पाठवणार नाहीत."

पुढच्या आठवड्यात त्यांनी चौगुल्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या बोटाला सुई टोचली. अकरा जणांच्या रक्तात जंतू निघाले. विमानतळासाठीच्या साठ्यातलं कोयनेल त्यांनी कोणाला न विचारता गल्लीत वाटायला सुरुवात केली, पण ते अकरा जणांना पुरण्याइतकं नव्हतं. वरून साठा यायला तीन आठवडे लागले. तोवर गल्लीतली एक म्हातारी आणि पाळण्यातलं एक मूल गेलं. डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम मात्र त्याआधीच आला होता.

गुणाबाई सुटली त्या दिवशी ते बेळगावला तिला आणायला गेले. मष्णूचा दहावा होऊन गेला होता. भावकूनं केला होता सगळा. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःचा भागही न वगळता. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं. गाडीवान खाली उतरून बैलांना धरून चालू लागला.

ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, "रोज सांजच्याला मी त्येंच्या हातावर ठेवायची. त्ये म्हनायचे, लई कडू हाय गं, गूळ आण. आन मी गूळ द्यायची."

गाडीवान पुन्हा जागेवर चढून बसला.

"मला का न्हाय सांगितलं त्येंनी?"

"तू अडवलं असतंस, असं वाटलं असेल त्याला."

कंग्राळीची पहिली घरं दिसू लागली. नागुबाई रस्त्यापर्यंत येऊन उभी होती, कडेवर शेवंता. गुणाबाईनं तिकडं पाहिलं आणि गाडीवानाला थांबायला सांगितलं. ती खाली उतरली, पण लगेच पुढं गेली नाही. गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली.

"न्हाय अडवलं असतं, डॉक्टरसायेब," ती म्हणाली. "निम्म्या पोरांस्नी आन निम्म्या त्येस्नी, असं कायतरी केलं असतं. दोघांनी बसून ठरवलं असतं. मला इचारायचं तरी."

मग ती घराकडं चालू लागली. नागुबाईच्या जवळून जाताना तिनं शेवंताच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. नागुबाईशी मात्र ती बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कितीतरी दिवस नाही.